चार दोष, पण मूळ एकच : 'निळ्या बाळा'च्या हृदयाचा इतिहास

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. कुणाच्या पडद्याला छोटे छिद्र असते, कुणाची झडप अरुंद असते, तर कुणाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची जागाच बदललेली असते. 'बाळाच्या हृदयात दोष आहे' हे ऐकल्यावर घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला मोठ्याने विचारला जातो : 'आता यावर इलाज काय?' दुसरा बहुतेक वेळा बाळाच्या आईकडे बघत कुजबुजत विचारला जातो : 'हे असं झालंच कसं? हिने काही नको ते खाल्लं का? ग्रहणात काही चिरलं का?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देतात. दुसरा मात्र अनेकदा तसाच राहतो आणि आईच्या मनात वर्षानुवर्षे सलत राहतो. वैद्यकशास्त्रालाही त्याचे उत्तर शोधायला तीनशे वर्षे लागली. तो शोध कसा लागला हे आज एका दोषाच्या निमित्ताने पाहू. त्या दोषाचे नाव 'टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो'. जन्मानंतर बाळ निळसर दिसायला लावणाऱ्या हृदयदोषांपैकी हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे.

आधी निरोगी हृदय समजून घेऊ

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वरचे आणि दोन खालचे. शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त उजव्या बाजूला येते. उजवा खालचा कप्पा ते फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे पाठवतो. तिथे प्राणवायू घेऊन लालभडक झालेले रक्त डाव्या बाजूला येते आणि डावा खालचा कप्पा ते महाधमनीतून सर्व शरीराला पुरवतो. दोन्ही बाजूंचे रक्त एकमेकांत मिसळू नये म्हणून मध्ये भक्कम पडदा असतो.

टेट्रॉलॉजीमध्ये चार गोष्टी एकत्र आढळतात :

१. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते.
२. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात मोठे छिद्र असते.
३. महाधमनी डाव्या कप्प्यावर नीट न बसता उजवीकडे सरकून त्या छिद्राच्या वर येते, त्यामुळे दोन्ही कप्प्यांचे रक्त तिच्यात शिरते.
४. अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते.

याचा परिणाम असा की बरेचसे अशुद्ध रक्त फुप्फुसांत न जाता थेट महाधमनीत जाते. ओठ, जीभ, नखे निळसर दिसू लागतात. म्हणूनच या मुलांना 'ब्लू बेबी' म्हटले जायचे.

आता प्रश्न असा की एकाच हृदयात एकदम चार बिघाड कसे? चार वेगवेगळे अपघात एकाच वेळी, आणि तेही अनेक मुलांमध्ये अगदी ठरावीक पद्धतीने, कसे होतील? पुढची सगळी कहाणी या प्रश्नाभोवती फिरते.

डोहाळे आणि जुनी समजूत

सुरुवात आपल्याच परंपरेतून करू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते. त्यामुळे त्या काळात स्त्रीच्या देहात दोन हृदये असतात आणि तिला 'दौहृदिनी' म्हणतात. गर्भाच्या इच्छा तिच्या तोंडून बोलतात अशी ती कल्पना आहे. आपला 'डोहाळे' हा शब्द याच 'दौहृद' किंवा 'दोहद' या शब्दांशी जोडला जातो.

कल्पना सुंदर आहे, आणि गरोदर बाईला मायेने जपावे हा तिचा हेतूही चांगला. पण तिला दुसरी बाजू होती. डोहाळे पुरवले नाहीत तर मूल व्यंग घेऊन जन्माला येते असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे बाळात काही उणे निघाले की कारण शोधायचे ते गरोदरपणातल्या वागण्यात. युरोपातही वेगळे काही नव्हते. गरोदर बाईने भयंकर काही पाहिले, ती दचकली, तर बाळावर त्याचा ठसा उमटतो असे तिथे शेकडो वर्षे मानले जाई. म्हणजे दोष कुणाच्या तरी माथी मारण्याची पद्धत सगळीकडे सारखीच होती.

पॅरिसमधले एक शवविच्छेदन

सतराव्या शतकात नील्स स्टेन्सन नावाचा एक तरुण डॅनिश शरीरशास्त्रज्ञ पॅरिसला आला होता. गालातल्या लाळग्रंथीच्या नळीला आजही त्याचे नाव आहे. हृदय म्हणजे आत्म्याचे किंवा उष्णतेचे गूढ स्थान नसून तो एक स्नायू आहे, हे ठामपणे सांगणाऱ्यांपैकी तो एक. पुढे त्याने खडकांच्या थरांचा अभ्यास केला आणि भूगर्भशास्त्राचा पाया घातला.

पॅरिसमध्ये त्याने अनेक व्यंगे असलेल्या एका मृत गर्भाचे विच्छेदन केले. फुप्फुस धमनी फारच बारीक होती. पडद्यात छिद्र होते आणि महाधमनी दोन्ही कप्प्यांतून रक्त घेत होती. हे वर्णन 1670च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले. टेट्रॉलॉजीचे हे पहिले ज्ञात वर्णन मानले जाते. दुखणे शापाचे किंवा दृष्ट लागल्याचे न मानता त्याने फक्त एक गोष्ट केली : रक्त कुठून कुठे जाते ते नीट पाहिले.

यानंतर शंभर वर्षांनी, 1777 मध्ये, नेदरलँड्समधल्या लायडनचे एडवर्ड सँडिफोर्ट यांनी एका निळ्या मुलाच्या हृदयाचे सविस्तर वर्णन केले. 1784 मध्ये लंडनच्या विल्यम हंटर यांनीही असेच वर्णन छापले. पण ही सगळी सुटी निरीक्षणे होती. प्रत्येकाला वाटे, आपण काहीतरी अतिदुर्मीळ पाहिले.

मार्सेयचे डॉक्टर फॅलो

सुटी निरीक्षणे एका धाग्यात ओवली ती फ्रान्समधल्या मार्सेय शहरातील डॉ. आर्थर फॅलो यांनी. त्या काळी निळेपणाचे कारण म्हणून सरसकट एकाच गोष्टीकडे बोट दाखवले जाई : वरच्या दोन कप्प्यांमधली, जन्मापूर्वी सगळ्यांनाच असणारी खिडकी बंद न होणे. फॅलो यांनी आपले रुग्ण जिवंतपणी तपासले, मृत्यूनंतर त्यांची हृदये पाहिली आणि आधी छापलेल्या नोंदींशी ती ताडून पाहिली. 1888 मध्ये त्यांनी लिहिले की निळ्या रोगाच्या बहुतेक मोठ्या रुग्णांमध्ये कारण ती खिडकी नसून हे चार दोष एकत्र असणे हे आहे. 'टेट्रॉलॉजी', म्हणजे चौकडी, हा शब्द त्यांनी वापरला.

फॅलो यांचे खरे मोठेपण नवा रोग शोधण्यात नाही, कारण रोग आधीच दिसला होता. रुग्ण जिवंत असताना, फक्त तपासून, 'आत हे चार दोष असणार' असे सांगता येईल हे त्यांनी दाखवले. निदान शक्य झाले. उपचार मात्र काहीच नव्हता.

हजार हृदयांची नोंद

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मॉड ॲबट नावाच्या डॉक्टर होत्या. मॅकगिल विद्यापीठाने स्त्री म्हणून त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश नाकारला होता. दुसऱ्या कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे मॅकगिलच्याच वैद्यकीय संग्रहालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. बरण्यांत ठेवलेली, लेबल नसलेली सदोष हृदये त्यांनी एकेक करून तपासली आणि त्यांची वर्गवारी केली. 1936 मध्ये त्यांचा जन्मजात हृदयदोषांवरचा ॲटलास प्रसिद्ध झाला. त्यात हजार रुग्णांच्या नोंदींचा आधार होता. फॅलो यांचे नाव या दोषाला कायमचे चिकटले तेही ॲबट यांच्या लेखनामुळे.

वर्गवारी हे काम कंटाळवाणे वाटते. पण त्यातूनच एक मोठी गोष्ट स्पष्ट झाली : हृदयातले दोष वाटेल तसे होत नाहीत. त्यांचे ठरावीक प्रकार आहेत आणि तेच तेच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात. ज्या गोष्टीला आकृतिबंध आहे, तिला कारणही असणार.

बाल्टिमोरमधली तीन माणसे

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग निळ्या मुलांना तपासत. त्यांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे स्टेथोस्कोपपेक्षा हातांचा स्पर्श आणि नजर यांवर त्यांचा भर असे. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. काही निळी बाळे जन्मल्यावर बरी असतात आणि काही दिवसांनी एकदम खालावतात. ती खालावतात तेव्हा महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांना जोडणारी, गर्भात असणारी एक छोटी वाहिनी बंद झालेली असते. म्हणजे ती वाहिनी फुप्फुसांना चोरवाटेने रक्त पुरवत होती. मग अशीच वाट आपण शस्त्रक्रियेने तयार केली तर?

ही कल्पना त्यांनी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे मांडली. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होते. सुतारकाम शिकलेले थॉमस मंदीच्या काळात पैशांअभावी कॉलेजला जाऊ शकले नव्हते. कुत्र्यांवर प्रयोग करून, बारीक रक्तवाहिन्या कशा जोडायच्या ते तंत्र त्यांनी बसवले.

29 नोव्हेंबर 1944 रोजी आयलीन सॅक्सन या पंधरा महिन्यांच्या, पाच किलोही वजन नसलेल्या मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुस धमनीला जोडली गेली. ब्लेलॉक यांच्या मागे एका स्टुलावर उभे राहून थॉमस त्यांना पायरीपायरीने सांगत होते. आयलीन काही महिनेच जगली. पण तिच्यानंतरच्या मुलांमध्ये यश मिळत गेले आणि जगभरातून आईबाप आपली निळी मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. थॉमस यांना मात्र त्या काळच्या शोधनिबंधांत जागा मिळाली नाही. 1976 मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली आणि आज या शस्त्रक्रियेच्या नावात ब्लेलॉक, थॉमस आणि टॉसिग अशी तिघांची नावे घेतली जातात.

ही शस्त्रक्रिया मूळ दोष दुरुस्त करत नव्हती, फक्त पर्यायी वाट काढत होती. हृदय उघडून छिद्र बंद करण्याचे आणि अरुंद वाट मोकळी करण्याचे काम 31 ऑगस्ट 1954 रोजी मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी केले. हृदय उघडे असताना मुलाचे रक्त शुद्ध करायला त्यांनी यंत्र वापरले नाही, दुसऱ्या जिवंत माणसाचे रक्ताभिसरण मुलाला जोडले. त्या वेळी रक्तगट जुळणारा एक परका माणूस त्या मुलासाठी शेजारच्या टेबलावर झोपला होता.

हृदय घडते कसे

शल्यविशारदांना आता हृदय आतून, जिवंतपणी दिसू लागले. त्याच काळात भ्रूणशास्त्रज्ञ मागच्या दिशेने शोध घेत होते : हे हृदय असे घडले कसे?

गर्भधारणेपासून दिवस मोजले तर साधारण बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय धडधडू लागते. तेव्हा ते एक साधी नळी असते. कप्पे नाहीत, झडपा नाहीत. पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो आणि पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे अजून कळलेलेही नसते.

चौथ्या आठवड्यात ही नळी लांबते आणि जागा अपुरी पडल्याने उजवीकडे वळून पीळ घेते. मग आत पडदे वाढू लागतात. वरच्या टोकाला रक्त बाहेर नेणारी एकच मोठी नळी असते. तिच्यात एक पडदा गोल जिन्यासारखा पीळ घेत उतरतो आणि तिचे दोन भाग करतो : एक महाधमनी, दुसरी फुप्फुस धमनी. हा पडदा खाली येऊन दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मिळतो आणि उरलेली फट बंद होते. आठवा आठवडा संपेपर्यंत चार कप्प्यांचे हृदय तयार असते. त्या वेळी गर्भाची लांबी असते सुमारे तीन सेंटीमीटर.

आता टेट्रॉलॉजीकडे वळू. समजा, एका खोलीत भिंत घालून दोन खोल्या करायच्या आहेत आणि गवंड्याने भिंत एक वीत पुढे घेतली. काय होईल? पुढची खोली अरुंद होईल. मागची मोठी होऊन पुढच्या खोलीच्या जागेत शिरेल. आणि खालच्या मजल्यावरच्या भिंतीशी वरची भिंत जुळणार नाही, तिथे फट राहील. चूक एकच, पण परिणाम तीन.

टेट्रॉलॉजीत नेमके हेच होते. बाहेर जाणाऱ्या वाटांमधला पडदा पुढे आणि वर सरकतो. फुप्फुसांकडची वाट अरुंद होते, महाधमनी उजवीकडे सरकून पडद्यावर येते आणि पडदे न जुळल्याने छिद्र राहते. चौथा दोष, म्हणजे जाड झालेली भिंत, तर नंतरचा परिणाम आहे. तालमीत दंड भरतात तशी अरुंद वाटेशी झगडून ती जाड होते. 1970 मध्ये रिचर्ड व्हॅन प्राग आणि सहकाऱ्यांनी मांडले की फुप्फुस धमनीच्या खालचा भाग नीट न वाढणे हेच मूळ आहे आणि बाकी सारे त्यातून येते. मूळ नेमके कसे मांडावे यावर तज्ज्ञांत चर्चा झाली, पण चार दोषांमागे एकच घटना आहे हे आज सर्वमान्य आहे.

1983 मध्ये अमेरिकेत मार्गारेट कर्बी आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील प्रयोगांतून आणखी एक दुवा शोधला. मोठ्या नळीची विभागणी करायला लागणाऱ्या काही पेशी हृदयातल्या नसतातच. त्या भ्रूणाच्या पाठीकडून, पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या भागाच्या कडेवरून प्रवास करत हृदयापर्यंत येतात. त्यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. त्यांतल्या काही पेशी चेहरा आणि टाळू घडवतात. म्हणूनच काही मुलांमध्ये हृदयदोषाबरोबर टाळूचा दोषही दिसतो. टेट्रॉलॉजीच्या शंभरातील साधारण पंधरा मुलांमध्ये बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो.

गर्भात असताना या बाळाला त्रास का होत नाही? कारण तेव्हा प्राणवायू फुप्फुसांतून नव्हे, नाळेतून मिळतो. फुप्फुसांची वाट अरुंद असली तरी अडत नाही. अडते ते पहिल्या श्वासानंतर.

मग दोष कुणाचा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. डोहाळजेवण सहसा सातव्या महिन्यात होते. हृदय घडून पूर्ण झालेले असते ते त्याच्या कितीतरी आधी. तिसऱ्या महिन्यानंतर खाल्लेली पपई, चढलेला जिना, पुरवला न गेलेला डोहाळा, यांपैकी कशानेही तो पडदा सरकत नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने तर कधीच नाही.

काही खरी कारणे माहीत आहेत, आणि ती सांगायलाच हवीत. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होणे, आधीपासून असलेला आणि आटोक्यात नसलेला मधुमेह, काही विशिष्ट औषधे, दारू आणि काही जनुकीय बदल यांमुळे हृदयदोषांचा धोका वाढतो. म्हणून मुलींना रुबेलाची लस द्या, गर्भधारणेच्या आधीच साखर तपासा, फॉलिक ॲसिड सुरू करा आणि कोणतेही औषध विचारून घ्या. मात्र बहुतेक बाळांमध्ये एकच एक कारण सापडत नाही. लाखो पेशींच्या प्रवासात कुठेतरी थोडी गफलत होते. ती आईने केलेली नसते आणि वडिलांनीही नाही.

एक मूल टेट्रॉलॉजीचे असेल तर पुढच्या बाळात हृदयदोष असण्याची शक्यता साधारण शंभरात तीन असते. म्हणजे बहुतेक वेळा पुढचे बाळ निरोगी असते. तरीही अठरा ते बावीस आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, जरूर करून घ्या.

तुम्ही काय लक्षात ठेवाल

बाळाचे ओठ आणि जीभ रडताना किंवा दूध पिताना निळी पडत असतील, दूध पिताना त्याला धाप लागत असेल, वजन वाढत नसेल, तर वाट पाहू नका. थोडे मोठे मूल खेळता खेळता थांबून उकिडवे बसत असेल तर ती त्याची खोड समजू नका. उकिडवे बसल्याने पायांच्या धमन्या दाबल्या जातात, शरीराकडचा दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळते. कुणी न शिकवता मुलाला सापडलेला हा उपाय आहे. बाळ एकाएकी खूप निळे पडून घाबरेघुबरे झाले तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा, त्याला शांत करा आणि लगेच दवाखाना गाठा.

छातीवर आला लावून ऐकणे, बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आणि इको या तपासण्यांनी निदान होते. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते. हा कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत. तपासणीचे पथक आले की मुलाला घरी ठेवू नका.

टेट्रॉलॉजीची पूर्ण दुरुस्ती आता बहुधा पहिल्या वर्षातच केली जाते. मुले शाळेत जातात, खेळतात, नोकरी आणि संसार करतात. मात्र शस्त्रक्रिया झाली म्हणजे हृदयाचा डॉक्टर सुटला असे नाही. पुढे फुप्फुस धमनीची झडप गळू शकते, ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणून वर्षातून एकदा तपासणी आयुष्यभर करायची.

आणि हा लेख वाचणाऱ्या घरात असे बाळ असेल तर एक काम आजच करा. बाळाच्या आईला सांगा की हृदय घडत होते तेव्हा तिला दिवस गेल्याचे नुकते कुठे कळत होते. तिने काही चुकीचे केलेले नाही. हे तिला कुणीतरी घरातल्याच माणसाने, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.